सरदारजींचा तक्ता आणि बीजींची खोली

विश्राम तावडे कुणाच्याही घरी गेला की बसण्याआधी घर मोजायचा. खिशातली टेप काढण्याइतका तो निर्लज्ज नव्हता, पण पायरीला वीत लावून बघणं, दारातून आत जाताना खांद्यापासून चौकट किती लांब राहते ते पाहणं, हे चालूच असायचं. चंदीगडमधल्या मराठी मंडळींना त्याची ही खोड पाठ झाली होती. हळदीकुंकवाला बायकोला पोचवायला आलेला हा माणूस बाहेर ओट्यावर उकिडवा बसून फरशीचे तुकडे मोजतोय, हे दृश्य नवीन नव्हतं. बायको, कांचन, आधी लाजायची. मग तिने लाजणं सोडून दिलं आणि ‘त्यांचं झालं की त्यांनाही चहा द्या’ असं यजमानीणबाईंना सांगायला लागली.

विश्राम मूळचा देवरुखचा. मुंबईत वास्तुकला शिकला आणि १९६६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, सरकारी नोकरी धरून चंदीगडला आला. सात वर्षं सरकारी टेबलावर दुसऱ्यांनी ठरवलेल्या खिडक्या काढल्या. मग एक दिवस नोकरी सोडली आणि सेक्टर बावीसमध्ये चपला-बुटांच्या दुकानावर एक खोली भाड्याने घेऊन दाराला स्वतःच्या नावाची पाटी लावली. वास्तुविशारदाने पेपरात जाहिरात द्यायची नसते, असा त्यांच्या धंद्याचा नियम. त्यामुळे पाटी लावून जिन्याकडे कान देऊन बसणं एवढंच त्याच्या हातात होतं. सहा महिन्यांत त्या जिन्याने दोन गॅरेजं, एक न्हाणीघर आणि गच्चीवरची एक बरसाती, म्हणजे वरची सुटी खोली, एवढंच काम वर आणलं. अख्खं घर एकही नाही.

एव्हाना कांचनचा भाऊ विश्वनाथ याने नागपुरात त्याच्यासाठी नकाशे काढायची पक्की नोकरी बघून ठेवली होती. एक एप्रिलपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. कांचनने तर दोन ट्रंका भरूनही टाकल्या होत्या. “हो म्हणा नाहीतर नाही म्हणा,” ती म्हणायची, “पण लवकर काय ते ठरवा. चकलीचा साचा तळाच्या ट्रंकेत गेलाय.” विश्राम हसायचा आणि विषय बदलायचा. एक घर, पायापासून गच्चीपर्यंत स्वतः आखलेलं एक घर बांधल्याशिवाय परत जायचं म्हणजे हरून जायचं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

मार्चच्या सुरुवातीला सरदार जगीरसिंग संधू खालच्या दुकानात चावणारे बूट बदलून घ्यायला आले. कालवे खात्यातून निवृत्त झालेला उंचापुरा माणूस. बूट बदलून होईपर्यंत त्यांनी पाटी वाचली आणि नव्या बुटांची करकर ऐकत ते जिना चढून वर आले.

“सेक्टर पैंतीस में प्लॉट है जी, दस मरले का,” ते म्हणाले. म्हणजे अडीचशे चौरस वार. “दो आर्किटेक्ट देख लिए. तीसरा चाहिए था.”

विश्रामला आधी वाटलं की पहिले दोघे पसंत पडले नाहीत. निदान सरदारजींच्या लेखी तसं काही नव्हतं. सरदारजींनी तीस वर्षं सरकारी खात्यात काढली होती आणि तीन नावं समोर ठेवल्याशिवाय साधं फावडंही विकत घ्यायचा नाही, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलं होतं. घर बांधायचं तर तीन नावांचा तुलनात्मक तक्ता हवाच. दोन नावं झाली होती, एक कमी पडत होतं. त्यांनी घडी घातलेला मोठा चौकटीचा कागद टेबलावर पसरला. आडवे रकाने इंग्रजीत आखलेले होते: शिक्षण, अनुभव, हाताखालची माणसं, वाहन, नकाशा आणि शेवटी शेरा. पहिल्या दोघांपुढे वाहनाच्या रकान्यात मोटार होती. विश्रामने खरं ते सांगितलं: हाताखाली कुणी नाही, वाहन सायकल. सरदारजींनी दोन्ही गोष्टी निर्विकार चेहऱ्याने लिहून घेतल्या.

त्या आठवड्यात विश्राम त्यांच्या भाड्याच्या घरी तीनदा गेला. या शहरात घराची पुढची चौकट सरकारनेच ठरवून दिलेली. त्यात कुणालाही फारशी अक्कल चालवता यायची नाही. जी चालवायची ती आतल्या बाजूला. म्हणून त्याने आतलं सगळं मोजलं. खाटा मोजल्या. रजया ठेवायची भलीमोठी लोखंडी पेटी मोजली. सरदारजी सकाळी पगडीची घडी घालताना सून दुसरं टोक धरून थेट स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते, हे बघून त्याने पगडीही मोजली आणि नकाशात तेवढ्या लांबीचा सरळ बोळ ठेवला. सरदारजी खूश झाले. “ये तो किसी ने नहीं सोचा,” म्हणाले आणि तक्त्यात काहीतरी टिपून घेतलं.

घरातली खरी सत्ता मात्र सरदारजींच्या आईची होती. सगळे तिला बीजी म्हणत. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पांढरी ओढणी डोक्यावर, आवाज अगदी बारीक. तिने एकच गोष्ट मागितली होती: गुरू ग्रंथसाहिबाची खोली.

विश्रामने खालच्या दुकानातून बुटांची रिकामी खोकी आणली आणि घराचं पुठ्ठ्याचं छोटं घर केलं. वरचा मजला उचलला की खालच्या खोल्या दिसाव्यात असं. गुरूची खोली त्याने स्वयंपाकघराला लागून ठेवली, बीजींच्या खाटेपासून दहा पावलांवर. देवरुखला त्यांचे देव स्वयंपाकघरातल्या कोनाड्यातच असायचे आणि वर माडीवर माणसं झोपायची. देव जवळ हवेत, हाताशी हवेत. यात आणखी काही विचार करण्यासारखं असेल असं त्याच्या मनातही आलं नाही.

शनिवारी संध्याकाळी तो ते घर घेऊन गेला. बीजींनी वरचा मजला उचलला, आत बघितलं, आपली खाट कुठे ते विचारलं. चेहरा खुलला. मग वरचा मजला पुन्हा जागेवर ठेवला आणि गुरूच्या खोलीच्या बरोबर वर बोट टेकवून, इथे वर कोण झोपतं ते विचारलं, “पुत्तर, इत्थे उत्ते कौण सौंदा?”

“वो बड़े बेटे का बेडरूम है, बीजी,” विश्राम म्हणाला.

सुनेने चहाचा पेला खाली ठेवला. बीजींनी बोट काढून घेतलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं की गुरूच्या डोक्यावर कुणी चालत नाही, झोपत तर नाहीच. म्हणून तर या घरात गुरूची खोली वर बरसातीत आहे.

विश्रामचे कान तापले. आठ वर्षं या शहरात राहिला, लंगरला जेवला, गरमागरम कडाप्रसाद दोन्ही हातांत घेतला आणि हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. “बीजी, गलती हो गई,” तो म्हणाला. “मेरे घर की आदत से बना दिया. आपसे पूछना चाहिए था.” पुठ्ठ्याचं घर काखेत मारून तो सायकलवर बसला.

घरी आल्यावर त्याने सगळं सांगितलं. सात वर्षांची लेक नयना म्हणाली, “पापा, मेरी क्लास में सबको पता है ये.” कांचनने तिला डोळ्यांनी दटावलं आणि तळाच्या ट्रंकेकडे एकदा बघितलं. त्या दिवशी कुणी काही ठरवलं नाही.

रविवारी सकाळी विश्राम रिकाम्या हाताने परत संधूंकडे गेला. काम गेलं हे त्याने धरूनच चाललं होतं. पण एक गोष्ट त्याला सुटत नव्हती. खोली आता आहे तशी वर हवी, तर बाकी दोघा आर्किटेक्टांनी ती वरच ठेवली असणार. मग म्हातारीने त्यातला एकही का पसंत केला नव्हता?

“बीजी, मुझे दिखाइए, आप रोज़ ऊपर कैसे जाती हैं,” तो म्हणाला.

बीजींनी दाखवलं. कठडा दोन्ही हातांनी धरून, कठड्याकडे तोंड करून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. सतरा पायऱ्या. पहाटे वर गेल्या की उतरायच्या भीतीने दुपारपर्यंत त्या वरच बसत. चहा, पोळी सगळं सून वर नेऊन देई. विश्राम सातव्या पायरीवर बसला आणि बीजी आठवीवर टेकल्या. कितीतरी वेळ तो विचारत राहिला आणि त्या सांगत राहिल्या: पहाटे किती वाजता, थंडीत काय, ग्रंथावर घालायचे रुमाले कुठे ठेवता, कोण कोण येतं. त्याने चहा दोनदा घेतला आणि नकाशाचा विषयही काढला नाही. खरं तर काढण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं.

खोली जमिनीवर हवी आणि तिच्या डोक्यावर कुणाचा पाय पडता कामा नये. मागच्या अंगणात सुटी एकमजली खोली काढता आली असती, पण चंदीगडची छपरं सपाट. सपाट छप्पर दिसलं की माणसं त्यावर चढणारच. उन्हाळ्यात खाटा टाकतील, पोरं पतंग उडवतील. सोमवारचा अख्खा दिवस विश्रामने पेन्सिल चावण्यात घालवला. मंगळवारी सकाळी कांचन अंघोळीच्या पाण्याची वाट बघत सहज म्हणाली, “आमच्या माहेरी पडवीच्या छपरावर वाळवण घालायची सोयच नव्हती. सगळं घरंगळत खाली यायचं.”

विश्राम ताडकन उठला. उतरतं छप्पर! ज्याच्यावर माणसाला उभंच राहता येत नाही असं, कोकणातलं उतरतं छप्पर! त्याने नियमांचं पुस्तक दोनदा वाचलं. मागच्या अंगणातल्या खोलीची उंची किती असावी ते लिहिलं होतं. तिचं छप्पर सपाटच असलं पाहिजे असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. त्याने आणखी एक खोकं कापलं. घाईत छपराच्या एका बाजूला बुटाचा नंबर आठ तसाच राहिला.

दुपारी त्याने ती खोली पुठ्ठ्याच्या घराच्या मागे चिकटवून बीजींसमोर ठेवली. बीजींनी बराच वेळ पाहिलं. मग जवळची लिमलेटची एक गोळी उचलून छपराच्या टोकावर ठेवली. ती घरंगळत त्यांच्या ओंजळीत आली. पुन्हा ठेवली, पुन्हा आली.

“लै! इत्थे ते कां वी नहीं बैठूगा,” त्या म्हणाल्या आणि तोंडाला ओढणी लावून हसायला लागल्या. कावळासुद्धा बसणार नाही, यावर सगळं घर हसलं. सरदारजींनी आतून तक्ता आणून विश्रामपुढे धरला. शेऱ्याच्या रकान्यात काळ्या शाईने तीन ओळी लिहिल्या होत्या, उर्दूत. सरदारजी लाहोरला शिकलेले; मनातलं लिहायचं तर त्यांना उर्दूच लागे. विश्रामला त्यातलं अक्षरही कळलं नाही. छपराबद्दल काहीतरी चांगलं लिहिलं असेल असं त्याने समजून घेतलं.

“काम आपका,” सरदारजी म्हणाले. “पक्का.”

त्या संध्याकाळी चकलीचा साचा ट्रंकेतून बाहेर आला.

घर १९७६च्या बैसाखीला पुरं झालं. ग्रंथसाहिबाचा पाठ झाला, लंगर झाला. बीजी कुणाचाही हात न धरता आपल्या खोलीपासून गुरूच्या खोलीपर्यंत चालत गेल्या आणि आल्या, मग पुन्हा एकदा गेल्या, केवळ जाता येतं म्हणून. विश्राम अंगणात उभा राहून ते बघत होता. तेव्हा सरदारजींनी त्याला तो जुना तक्ता दिला.

“रख लीजिए. फाइल बंद.”

“शेरा काय आहे ते तरी वाचून दाखवा,” विश्राम हिंदीत म्हणाला.

सरदारजींनी चष्मा लावला. “पहला: गलती बताई तो समझाने लगा कि रेलिंग पकड़कर चढ़ो. दूसरा: गलती बताई तो हँसा, बोला चढ़ने से सेहत बनती है. तीसरा: गलती बताई तो मान गया. अगले दिन खाली हाथ पूछने आया. बीजी कहती हैं, घर यही बनाएगा.” आणि खालची तारीख त्यांनी बोटाने दाखवली.

तारीख रविवारची होती.

विश्रामने तारीख पुन्हा वाचली. “पण छप्पर तर मला मंगळवारी सुचलं!”

“छप्पर?” सरदारजी म्हणाले. “छप्पर तो जी बाद की बात थी. ना भी सूझता, तो बीजी सतरा सीढ़ियाँ चढ़ लेतीं. बनाते आप ही.”

विश्रामचे डोळे भरून आले. ते कुणाला दिसू नये म्हणून त्याने खिशातली टेप काढली आणि खाली बसून, स्वतःच बांधलेली पायरी मोजायला घेतली.

पुढच्या सात-आठ वर्षांत त्याने सव्वीस घरं बांधली. त्यातली निम्मी बीजींनी गुरुद्वाऱ्यातून पाठवलेली. तो तक्ता बूटवाल्याच्या वरच्या खोलीत, टेबलामागच्या भिंतीवर काचेत लावलेला असतो. येणारा प्रत्येकजण विचारतो, आणि उर्दूचं एक अक्षर येत नसलेला विश्राम शेऱ्यावर बोट फिरवत, डावीकडून उजवीकडे, तीनही ओळी तोंडपाठ म्हणून दाखवतो. परवा एक वृद्ध सरदारजी आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तावडेजी, उर्दू दाएँ से पढ़ते हैं. आप उलटी उँगली फेर रहे हो.”

“अच्छा? गलती हो गई,” विश्राम म्हणाला आणि बोट उचलून दुसऱ्या टोकाला ठेवलं.

त्या वृद्ध सरदारजींनी पिशवीतून आपल्या प्लॉटचे कागद काढले आणि टेबलावर ठेवले.