मागून न्यायचं धोतर

दोन हजार तेवीस साल. मला सत्त्याहत्तरावं लागलं होतं, अन् माझं धोतर अजून कोणी मागितलं नव्हतं.

आमच्याकडे बाळ जन्माला आलं की पहिले चार-पाच दिवस त्याच्या अंगावर नवं कापड घालत नाहीत. घरातल्या, नाहीतर ओळखीतल्या म्हाताऱ्या माणसाचं नेसून नेसून मऊ झालेलं सुती धोतर घ्यायचं, फाडायचं, त्याचीच झबली अन् त्याचीच बाळोती. नवं कापड टोचते. अन् ज्याचं धोतर, त्याचं आयुष्य लेकराला लागते असं म्हणतात. पण हे धोतर आपण होऊन द्यायचं नसते. बाळंतिणीकडच्या माणसानं येऊन मागायचं असते.

माझ्या बापाचं धोतर चार गावांत गेलं. एकदा चांदूर बाजारकडून एक अनोळखी माणूस यष्टीनं आला, हातात नारळ. बापानं त्याला बसवलं, चहा पाजला, पाऊसपाण्याचं विचारलं अन् मग म्हणाला की मलाच नेसायला एक आहे, तुम्हाला काय देऊ. तो माणूस बिचारा उठायला लागला. तेव्हा बाप हसला अन् आत जाऊन घडी घेऊन आला. त्या दिवशी तो दोन भाकरी जास्त जेवला. माझी तिन्ही लेकरं त्याच्याच धोतरात गुंडाळली गेली. माझी मोठी नात, म्हणजे लेकाची मुलगी, तीसुद्धा. त्यानंतर बाप गेला. आता पाळी माझी, असं मी मनात धरून होतो. पण नातू झाला तो अमरावतीच्या दवाखान्यात, अन् घरी आला तो दुकानातल्या कपड्यात. कोणी मागितलं नाही. मीही बोललो नाही.

धोतर मऊ करणं हे काही एका दिवसाचं काम नाही. त्याची सुरुवात दुकानातच होते. मी अमरावतीला धोतरजोडी घ्यायला गेलो की आधी काठाचं एक सूत ओढायचो अन् त्याला काडी लावायचो. राख झाली तर कापूस. गाठ होऊन चिकटली तर जोडी परत. दुकानदार वैतागायचे. एक जण म्हणाला, बुढेबाबा, तुमी दुकान पेटवान एक दिवस. मी म्हटलं, कापूस मी पिकवतो, मलेच काहून फसवता.

माझी बायको शाळेत गेली नव्हती अन् मी तिसरीतून उठलो, पण कापडाला कसं जपायचं हे तिनं मला शिकवलं. परतवाड्याच्या बाजारातून मी रिठे आणायचो. ते ती फोडून उकळायची अन् त्या कोमट पाण्यात धोतर नुसतं बुडवून हलवायची. दगडावर आपटू द्यायची नाही. पिळायचं नाही, निथळू द्यायचं. वाळत घालायचं ते निंबाच्या सावलीत. उन्हात सूत करपते म्हणायची. धुण्याची पावडर घरात आली तेव्हा तिनं एकदा वापरून पाहिली, हाताचा वास घेतला अन् पुडी शेजारणीला देऊन टाकली. एका जोडीत दोन पानं असतात. आधी लग्नाकार्याला, मग बाजाराला, मग वावरात, मग घरी, असं तिचं ठरलेलं असायचं. शेवटी उरलं त्याचं पोतेरं, अन् पोतेऱ्याचंही उरलं तर पेटवायला त्याचा काकडा.

ती गेली त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून माझे कपडे मीच धुतो. सूनबाईनं मशीन घेतलं. ती चांगली आहे, कामाची आहे, पण मशीनवरून आमची नेहमी जुंपते. माझं म्हणणं, ते मशीन कपडे धूत नाही, दळते. तिचं म्हणणं, मामाजी, साऱ्या गावात मलेच नावं ठेवतात, सासऱ्याले धुवायले लावते म्हणून.

बायको असताना घेतलेल्या शेवटच्या जोडीतलं एक पान मी वेगळं काढून ठेवलं होतं. सायीसारखं झालं होतं ते. पेटीत कडुनिंबाचा पाला घालून, दर पोळ्याला बाहेर काढून वारा देऊन परत घडी करायचो. दुसरं पान मी नेसायचो. त्याला गुडघ्यापाशी बाभळीच्या काट्यानं फाटलं होतं, तिथं बायकोनं ठिगळ लावलं होतं. शेवटच्या आजारात, अंथरुणात बसून. टाके थोडे वाकडे होते. तिचे टाके कधी वाकडे पडायचे नाहीत.

आदल्या पावसाळ्यात मोठ्या नातीला दिवस गेले होते. ती अकोल्याला दिलेली. सातव्या महिन्यात ती डोहाळजेवणाला आली अन् तिनं माझ्यासमोर एक खोकं उघडलं. त्यात बोटाएवढ्या बाह्यांचे कपडे.

“आबा, हात लावून पाहा. फवारणी न केलेल्या कापसाचे आहेत. मातीत टाकले तर माती होते यांची.”

मी चिमटीत धरून पाहिलं. कापड खरं होतं, पण कोरं होतं.

“माझ्या धोतराचीबी मातीच होते,” मी म्हटलं.

ती हसली अन् खोकं बंद केलं. आपण होऊन सांगायचं नसते.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला पाहिजे, पण डॉक्टर अकोल्याचे, म्हणून तिच्या आईनं, म्हणजे सूनबाईनंच, तिकडं जाऊन राहायचं ठरलं. बाळाचं पहिलं कापड माहेरचं लागते, ते तिनं न्यायचं होतं. विहीणबाईंनी फोनवर आठवण केली. त्यांच्याकडे तसं कापड असणार कुठून. तिकडं सारे पँटवाले.

जायच्या दोन दिवस आधी सूनबाई माझ्या खाटेपाशी आली.

“मामाजी, एखादं टाकायचं धोतर आहे काय तुमच्यापाशी?”

“टाकायचं माझ्यापाशी काहीच नाही.”

ती जराशी थांबली अन् गेली. आत जाऊन तिला नातीशी फोनवर बोलताना मी ऐकलं, आबा नाही म्हणतात. तिचा आवाज पडला होता. संध्याकाळी लेक आला.

“बाबा, एका धोतरासाठी काहून अडून बसले तुमी?”

“मी नाही अडलो. मले कोणी मागतलंच नाही.”

“तिनं मागतलं ना.”

“तिनं टाकायचं मागतलं.”

तो कपाळाला हात लावून निघून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेटी उघडली. घडी हातात घेतली. सूनबाईची पिशवी तिथंच कोनाड्यात भरून ठेवलेली होती. चुपचाप तिच्यात सरकवून देता आली असती. पण मग बापाचं धोतर मागायला लोक नारळ घेऊन आले अन् माझं मी चोरासारखं पिशवीत कोंबलं, असं झालं असतं. मी पेटी लावून घेतली. पण मन लागेना. नातीचं लेकरू कोऱ्या कापडात जाईल, अन् ते माझ्यामुळं, हे काही सुटेना.

दिवेलागणीला सूनबाईनं फोन माझ्या कानाला लावला. नात होती.

“आबा, मी मागून राहिली. धोतर द्या.”

मी खाकरलो.

“देतो ना माय. पेटीत ठेवलंच आहे. सायीसारखं आहे.”

“पेटीतलं नाही. तुमी नेसून आहात ते.”

“ते ठिगळाचं आहे.”

“तेच पाहिजे. आजीनं शिवलेलं. आजी गेली तेव्हा त्याच्यावरच नाक पुसत होती ना मी.”

ते देऊन टाकलं की तिच्या हातचे शेवटचे टाके घरातून जाणार होते. मी गुडघ्यावरच्या ठिगळावरून बोट फिरवलं. मग मी हो म्हटलं.

सूनबाई दारातच उभी होती. माझ्याकडे न पाहता तिनं विचारलं, “मामाजी, पहाटे धुतलं तर वाळंल काय? दहाची गाडी आहे.”

“वाळंल. मशीनमधी घालू नको फक्त.”

“हात नाही लावत,” ती म्हणाली, अन् पदरानं डोळे टिपत आत गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून मी पेटीतलं पान काढून नेसलं. रिठे फोडून उकळले अन् त्या कोमट पाण्यात ठिगळाचं पान बुडवलं. ठिगळावरून नुसता तळवा फिरवला. निथळू दिलं अन् निंबाखाली दोरीवर टाकलं. वैशाख होता, सावलीतही लवकर वाळलं. सूनबाई कात्री घेऊन आली, ती मी परत पाठवली. अशा कापडाला कात्री लावत नाहीत. एक टोक तिच्या हातात दिलं, एक मी धरलं, अन् सुताच्या रेषेनं आम्ही दोघांनी ते फाडत नेलं. ठिगळ आलं तिथं मी हात बाजूला घेतला अन् तो तुकडा मोठा ठेवला. त्याची घडी मीच केली अन् पिशवीत सगळ्यात वर ठेवली.