आईचं गंगावन

वहिनी, अठ्ठ्याण्णव साली मी नैरोबीला निघाले तेव्हा नंदाखाल गावच्या आपल्या घराच्या ओटीवर तुम्ही माझी बॅग आवळत होतात आणि आई माझी वेणी घालत होती. विमान चुकेल म्हणून दादा टॅक्सीपाशी चिडचिड करत होता. आई मात्र सावकाश माझ्या शेपटात गंगावन गुंफत होती. तिच्याच केसांचं. फणीतली गुंतवळ वर्षानुवर्षं बिस्किटांच्या डब्यात साठवून तिने ते दारावरच्या केसवालीकडून करून घेतलं होतं. "जप गो बाय," ती म्हणाली, "पुन्हा करायला एवढे केस आता माझ्या डोक्यावर नाय."

दोन वर्षांनी ती गेल्याचा दादाचा फोन आला. मला नववा महिना होता, विमानात कुणी घेईना. आईचं तोंड शेवटचं बघायचं राहिलंच.

बाळंतपणानंतर माझे केस मुठीमुठीने गळले. उरलेल्या शेपटात गंगावन टिकेना, आणि मला ते घालायचंच होतं, आईचं दुसरं काही माझ्यापाशी नव्हतं. शेजारच्या वांजिरूने उपाय काढला. तिने टाळूलगत बारीक वेण्या घातल्या, क्रोशाच्या सुईने त्यांतून नायलॉनच्या बटा ओढून गाठी मारल्या आणि गंगावन मोकळं करून मानेकडे त्याच्या बटा ओवल्या. सुई अगदी आईच्या टेबलक्लॉथ विणायच्या सुईसारखी. हे केस मुंबईच्या बाजारातले, असं मी तिला सांगितलं होतं. गेलेल्या माणसाचे म्हटलं असतं तर तिने हात लावला नसता, अशी मला भीती.

दीड महिन्याने ते काढायला बसलो. गाठीखाली कात्री चालवायची, मग आतल्या वेण्या उसवायच्या, ही इथली रीत. मला ठाऊक नव्हती आणि मी विचारलीही नाही. "घाबरू नकोस," वांजिरू म्हणाली, "तुझे केस आत आहेत. बाहेरचे सगळे परके." मांडीवर मुलगी रडत होती. तिला थोपटत मी "हो, हो" म्हटलं. काळी पिशवी भरली, कचऱ्याची गाडी येऊन गेली. डोकं धुताना मानेमागे हात गेला तेव्हा कळलं, आईचे केसही त्या पिशवीतच गेले. ओल्या डोक्याने रस्त्यापर्यंत धावले मी, वहिनी. वांजिरूला आजही माहीत नाही.

आता तुम्ही लिहिलंत, तुमच्या पिंकीला लग्नात अंबाड्याला आजीचं गंगावन लावायचंय, येताना आण. इतकी वर्षं फोनवर मी "जपून ठेवलंय" म्हणत आले. खोटं होतं ते. दादाला तुम्हीच सांगा, माझ्याने व्हायचं नाही.

पूर्वी घर म्हटलं की मला ओटी दिसायची, मागची केळीची वाडी दिसायची. आता कात्री ऐकू येते आणि माझं ते "हो, हो". लग्नाला मी येईन. फक्त ओटीवर आई वेणी घालायची त्या जागी मला बसायला सांगू नका.