व्याह्यांचं इंग्रजी

इंग्रजी भाषेला आमच्या व्याह्यांइतकं बिनधास्त आजवर कुणी वागवलं नसेल. मंठाळला त्यांची शेती आहे, गोठ्यात म्हशी आहेत, आणि मराठी, कन्नड, दखनी या तिन्ही भाषांत अप्पा सारख्याच हक्काने भांडतात. इंग्रजी ते साठीनंतर शिकले, कारण त्यांची मुलगी आणि माझा मुलगा कॅनडात असतात आणि आमच्या एकुलत्या एक नातवाला दुसरं काही येत नाही. शिकले म्हणजे काय, तर क्रियापदाला शेवटी 'ड' लावला की ते काल घडलं, एवढा एकच नियम त्यांनी पाठ केला आणि शाळा सोडली. त्यामुळे त्यांची म्हैस 'रन्ड' आणि ते स्वतः 'फॉल्ड'. मी भालकीच्या हायस्कुलात उभा जन्म इंग्रजी शिकवलेलं. "अप्पा, रन्ड नव्हे, रॅन," असं एकदा सांगून पाहिलं. म्हणाले, "म्हैस तर पळाली की सर. कशी पळाली ह्याला काय करायचंय?"

रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागतो. पडद्यावर तीन चौकटी, कॅनडा, आमची बैठक आणि अप्पांचा गोठा. मी इस्त्रीचा शर्ट घालून वाक्य मनात जुळवत बसायचो, आणि ते जुळेपर्यंत अप्पांची म्हैस उसात घुसलेली असायची. ते नुसतं सांगत नसत, लंगडून दाखवत, चिखलात बसतसुद्धा. पाच वर्षांचा नातू हसून लोळायचा आणि "देन यू फॉल्ड?" विचारायचा, कारण त्या वयाचं पोरही तेच इंग्रजी बोलतं. मी लगेच त्याची चूक सुधारायचो. तो गप्प व्हायचा आणि आईला विचारायचा, म्हशीवाले आजोबा कुठे गेले? माझा नुसता जळफळाट व्हायचा. आडनाव माझं, नाक माझं, इंग्रजी तर सगळं माझं, आणि पोरगं त्यांचं. बायको म्हणायची, "कामून तोंड पाडून बसलाव? लेकरू हसायलंय की." हसायलंय, पण कुणाकडे बघून?

मग नातू शाळेत जाऊ लागला. मागच्या महिन्यात अप्पा रंगात येऊन रानडुकराची हकीकत सांगत होते. "पिग कम्ड," म्हणाले, तेवढ्यात नातवानं अडवलं, "केम." अप्पांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा चूक, पुन्हा दुरुस्ती, अगदी माझ्याच सुरात. पोरगं रागावलं नव्हतं, फक्त हसत नव्हतं. अप्पा ओशाळले. "सर, आता तुमीच बोला. तुमच्यातलं झालंय ते," म्हणाले आणि बाजूला सरकले. त्यांच्या चौकटीत नुसती म्हैस रवंथ करत राहिली.

इतके दिवस मला हेच तर हवं होतं. आता नातू माझ्याशी बोलतो. मी विचारतो, तो उत्तर देतो, सगळं बरोबर असतं आणि दोन मिनिटांत आमचं बोलणं संपतं. अप्पा कॉलवर येत नाहीत. परवा न राहवून मीच त्यांना फोन केला.

"चुकायलंय सर," ते म्हणाले. "लेकराला लाज वाटायली आसंल."

"वाटू द्या. रविवारी या, अन् ते रानडुकराचं पुरं सांगा. तुमाला येतंय तसंच सांगा. मलाबी ऐकायचंय."

"बघू की," अप्पा म्हणाले, आणि म्हशीला पाणी दाखवायचंय म्हणून फोन ठेवला.