तेलुगूत दिलेलं उत्तर

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या बहिणीला ओळखत नाही.

महादेवी माझी धाकटी बहीण. गाव कर्नाटकात बिदरकडचं, भालकी तालुक्यातलं मेहकर. तिची सोयरीक ठरली आणि त्याच उन्हाळ्यात तिच्या डोळ्यांपुढं काळी जाळी तरंगायला लागली. मी तिला हैदराबादला मोठ्या दवाखान्यात नेलं. नवऱ्या मुलाचे मामा तिथंच राहत; ते आपणहून सोबत आले. डॉक्टर आंध्राकडचे, तेलुगूच बोलत. मी जहिराबादला कामाला होतो, म्हणून मला ती भाषा येई. महादेवीला फक्त मराठी आणि कन्नड.

डॉक्टरांनी विचारलं, हिला कधी क्षय झाला होता का?

झाला होता. गोळ्या अर्ध्यात सोडल्या होत्या. पण मामा शेजारीच बसलेले — त्यांनाही तेलुगू कळायची. सोयरीक मोडली असती. मी पटकन म्हणालो, "लेदु." नाही.

मामा औषधं आणायला गेल्यावर तिनं विचारलं, "अण्णा, माझ्या छातीच्या दुखण्याचं सांगितलास न्हवं?"

"व्हय, सांगितलं."

डॉक्टरांचं दार उघडंच होतं. परत आत जायला काय झालं होतं मला?

सूज उतरायच्या गोळ्या मिळाल्या. मूळ रोग, डोळ्यांपर्यंत पोचलेला क्षय, तसाच राहिला. डोळ्याच्या पडद्यावर नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या वाढल्या, त्या फुटल्या आणि डावा डोळा रक्तानं भरला. पुन्हा गेलो, तेव्हा तिथं गुलबर्ग्याकडची एक नर्स होती. तिनं मला न विचारता थेट महादेवीला कन्नडमध्ये विचारलं. महादेवीनं सगळं सांगितलं. क्षयाची औषधं सुरू झाली, उजव्या डोळ्यातल्या नव्या वाहिन्या लेसरनं जाळल्या. तो डोळा वाचला. डावा गेला.

डॉक्टरांनी माझ्याकडं एकदा पाहिलं — बहिणीसमोर अवाक्षर काढलं नाही. त्यांचे उपकार कसे विसरू? आणि त्या नर्सचे? तिचं तर नावही विचारायचं राहिलं.

मामा? सगळं ऐकून ते म्हणाले, "आजार कुणाला चुकलाय? पोरगी बरी होऊ दे, मग लगीन करू." आणि केलंही. त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. ज्यांना भिऊन मी खोटं बोललो, ते असे निघाले.

महादेवीला वाटतं, पहिल्या वेळी डॉक्टरांच्याच ध्यानात राहिलं नसेल. दर पंचमीला माहेरी येते, एका डोळ्यानं लेकीची वेणी घालते आणि आल्यागेल्याला सांगते, "अण्णा नसता तर मी आंधळीच झाले असते."

मी तेव्हा तिच्या डाव्या बाजूला बसतो. तिथून तिला माझं तोंड दिसत नाही.