पांजणीचा दुसरा कुंचा

दि. ८ डिसेंबर १९५४. सकाळी सातला गल्लीत ताणा, म्हणजे मागावर चढवायचं उभं सूत, ताणून मी खळ लावायला घेतली. खळ लावायच्या या कामाला, पांजणीला, दोन माणसं लागतात. ताण्याच्या दोन बाजूंनी दोघांनी एकाच चालीनं कुंचा फिरवायचा. नाहीतर खळ वाळते, सुताला सूत चिकटतं आणि महिन्याचं काम वाया जातं. सासूबाई तापानं पडल्या होत्या. हाक मारली असती तर शेजारून कोणीही आलं असतं. मी मारली नाही. नवरा गेल्यापासून बारा वर्षांत ती सवयच ठेवली नव्हती.

मनही ठिकाणावर नव्हतं. उमरेडच्या एका विधुर विणकरानं पाटाचं विचारलं होतं. आमच्यात विधवेचा पाट लागतो, त्यात लाज नाही. दोनदा घरी येऊन गेला होता; माणूस बरा वाटला. पण मी एक्केचाळीस वर्षांची, पोटापुरतं विणते. मग लग्न करायचं कशासाठी? आणि मी उमरेडला गेले तर एकुलता लेक गमावलेल्या म्हातारीनं कोणाच्या तोंडाकडे पाहायचं? नऊ दिवस मी देवीच्या खांद्यावर फूल ठेवून कौल मागत होते. उजवीकडे पडलं तर हो, डावीकडे पडलं तर नाही. फूल जागचं हललं नाही. खरं सांगायचं तर तोवर माझी भक्तीही सवयीपुरतीच उरली होती.

अर्धा ताणा झाला आणि पलीकडची बाजू वाळू लागली. सूत घ्यायला नागपुरात आलेला तोच उमरेडचा गृहस्थ गल्लीतून चालला होता. थांबला. पिशवी ओट्यावर ठेवून त्यानं दारातला दुसरा कुंचा उचलला.

मी म्हटलं, "तुमचं उत्तर अजून माझ्याकडे..."

"बोलू नका बाई, खळ वाळून राहिली."

तासभर आम्ही समोरासमोर चाललो. त्याचा हात जड होता. मी दोनदा टोकलं, दोन्ही वेळा त्यानं तो हलका केला. उत्तराचा विषय काढला नाही.

पाणी प्यायला आत आला, तेव्हा सासूबाईंनी खाटेवरूनच गाठलं. "काहून गा, या घरात जावई म्हणून येशीन का लेक म्हणून?"

"जे नातं रिकामं असन, त्यावर येतो. माग काय, इथंही मांडता येते."

म्हातारीनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

तो गेल्यावर मी देव्हाऱ्याकडे पाहिलं. खांद्यावर फूल नव्हतं.

"पडलं होतं वं, म्या उचललं," सासूबाई म्हणाल्या.

"कोणत्या बाजूला?"

"मले काय माहीत! ताणा दोघांनी सारला ना? मंग देवीले अजून काय पुसतं?"

देवीनं त्याला पाठवलं की सुताच्या बाजारानं, याचा वाद मी घालत नाही. मी कौल मागत होते आणि हाक मारत नव्हते, एवढं मात्र कळलं. न मारलेली हाकही कोणीतरी ऐकली, त्याचं ऋण मानते.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवीला फूल वाहिलं, ते पायाशी. मग शेजारणीला हाक मारली आणि तिच्या हाती उमरेडला निरोप धाडला: माग घेऊन या.