लग्नात दिलेल्या गाडीचा टेप

लेकीच्या लग्नात आम्ही गाडी दिली. हौसेनं दिली, असं मी चारचौघांत सांगतो. मागितली होती, हे घरातल्यांनाच माहीत. एकदा दिली की विषय संपला, असं मला वाटलं होतं. कुठला संपतोय! टायर पंक्चर झाला तरी व्याही म्हणतात, "तुमच्या गाडीचा टायर."

गेल्या महिन्यात मोहोळहून त्यांचा फोन आला. "पाव्हणं, तुमच्या गाडीतला टेप मुका झालाय की. कंपनीचाच हाय म्हणला हुता न्हवं?"

माझं डोकंच सणकलं. सोलापूरच्या नवी पेठेत माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. मी दिलेली वस्तू बंद पडते म्हणजे काय? टेस्टर, पक्कड घेतली, मोटारसायकल काढली आणि निघालो. लग्नानंतर त्या घरी मी पहिल्यांदाच जात होतो. बापानं लेकीच्या सासरी उठसूट जाऊ नये म्हणतात. मला ते सोयीचं पडलं होतं.

व्याही अंगणात खुर्ची टाकून बसले आणि मी त्यांच्यासमोर गाडीत डोकं खुपसून वाकलो. या वयात हे करायला लाज वाटत होती. हॉर्न वाजत होता, म्हणजे बॅटरी ठीक. टेपचा पडदा काळा, सीटखालच्या अॅम्प्लिफायरचा दिवाही बंद. दोन्ही एकदम गेले, म्हणजे करंटच पोचत नसणार. स्टिअरिंगखालची फ्यूजची डबी उघडली, तर टेपच्या फ्यूजची जागा मोकळी. फ्यूज जळतो, उठून चालत जात नाही.

तेवढ्यात लेक चहा घेऊन आली. कपबशी देता देता तिनं माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलं. फ्यूज होता, धडधाकट.

"मीच काढलाय, अण्णा," ती हळूच म्हणाली. "मला भेटायला तुम्ही येत नाही. गाडीसाठी तरी याल, असं वाटलं."

मी फ्यूज मुठीत झाकला आणि चहा संपवला.

"हितं कुणी माझ्याशी बोलत न्हाय. गाडी सोलापूरला न्यावी लागंल, असं सांगा की. मी पण येते तुमच्यासोबत. चारच दिवस."

मी मान हलवलीही होती. पण खुर्चीतून व्याह्यांचा आवाज आला, "काय पाव्हणं, फसवा माल निघाला का?"

फसवा? माझा माल? मी तिरीमिरीत फ्यूज जागेवर दाबला आणि टेप चालू केला. गाणं अंगणभर दणाणलं. लेकीची जाऊ, पोरं, सगळी बाहेर आली. "लई हुशार हाय की तुमी!" व्याही हसले. मीही हसलो. मागं वळून पाहिलं तेव्हा लेक रिकामा कप घेऊन आत गेली होती. निघताना ती दारात आली, "सावकाश जावा," एवढंच म्हणाली.

खरं तर गाडीचं निमित्तही लागत नव्हतं. "लेकीला चार दिवस नेतो," असं बापानं सरळ म्हणायचं होतं. ते मला हायवेला लागल्यावर सुचलं, आणि सुचल्यावरही मी मोटारसायकल वळवली नाही. माझी मलाच शरम वाटते.

घरी पोचलो तर बायको दारातच उभी होती. "पोरगी कशी हाय?"

मी म्हणालो, "फ्यूज सैल झाला होता."