रोज्यातले थेंब

पुसदला अब्बांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. ढाणकीपासूनचे शेतकरी विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची तार नव्याने गुंडाळून घ्यायला यायचे. अब्बांचा डावा डोळा काचबिंदूने आधीच गेला होता. उजव्यात काचबिंदू होता आणि वर मोतीबिंदूही. दोन्हीचं ऑपरेशन एकदमच झालं, यवतमाळला, रमजानच्या आठवडाभर आधी.

डॉक्टरांनी नीट समजावलं. डोळ्यात रक्त आणि आतलं स्वच्छ पाणी यांच्यामध्ये एक नाजूक आडोसा असतो. ऑपरेशनने तो ढिला पडतो, रक्तातलं नको ते पाण्यात उतरतं आणि डोळा आतून सुजतो. तो आडोसा पुन्हा घट्ट होईपर्यंत दर दोन तासांनी थेंब, एकही चुकवायचा नाही.

"समजलं," अब्बा म्हणाले. "तारेवरचं वार्निश उडलं का मोटार जयते."

डॉक्टर हसले. एवढं पक्कं समजलंय म्हटल्यावर मी निर्धास्त झाले, आणि तिथेच चुकले.

मी शाळेत शिकवते. पहाटे सहरीला थेंब मी घालायचे, इफ्तारनंतरचेही मीच. मधले ते स्वतः घालत असतील असं धरून चालले. विचारलं की मान हलवायचे. डोळा लाल दिसायचा, तो ऑपरेशनचाच असेल म्हणून मी सोडून दिलं. ईदच्या सकाळी कपाट आवरताना दोन बाटल्या सापडल्या, सीलही न तोडलेल्या.

"काहून नाही टाकले?" मी ओरडलेच.

"कडू लागते, बेटा. घशात उतरते. रोजा तुटन ना."

"मंग मौलानाले विचाराचं होतं!"

"मशिदीत रोज बाजूले बसतो त्यायच्या. एवढ्याशा गोष्टीसाठी कायले विचारू?"

त्याच दिवशी यवतमाळ गाठलं. ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी डोळ्यातलं पाणी निघून जायला केलेली वाट सुजेने बुजली होती, डोळ्यातलं प्रेशर चढलं होतं. इंजेक्शनं झाली, पुन्हा ऑपरेशन झालं. आता त्या डोळ्याला खिडकी कुठे आहे एवढंच कळतं. दुकान बंद आहे.

नंतर मी स्वतः मौलानांकडे गेले. ते म्हणाले, डोळ्यातल्या थेंबाने रोजा तुटत नाही, घशात चव आली तरी नाही. परतताना मला अब्बांचा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

घरी अब्बा पलंगावर बसले होते. माझी चाहूल लागताच म्हणाले, "डोया गेला तं गेला. माहा एकही रोजा नाही तुटला."

"हो अब्बा," मी म्हणाले. मौलाना काय बोलले ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.